येणे बाकी

एकवीस दिवस झाले, आलेखाच्या कागदावर
मी एक चौकोनही रंगवला नाही.
त्याच एकवीस दिवसांत
सात कोटेशनं पाठवली, दोन बिलं दुरुस्त केली,
जीएसटीचा फॉर्म भरला, उशिराचा दंड भरला,
आणि पुण्याच्या एका बाईंना तीनदा कळवलं
की मोर निळ्यातच आहे, हो, गुलाबीत नाही.

मोर चालला, तिथंच चुकलं.
दोन वर्षांपूर्वी भिंतीवर टांगायचा एक विणून घेतला,
तो विकला गेला, मग त्याचे भाऊ विकले गेले.
आता पेन्सिल उचलली की तो आधीच येऊन बसतो,
मान वळवून, ऑर्डरीच्या मापात.

खालच्या खोलीत नरसय्या इराबत्ती पंच मारतात.
जिन्यातून हाक येते,
"अम्मा, नक्षा कधी देलालीस? पट्टे रिकामे पडलेत."
उद्या, म्हणते.
हा शब्द इतका वापरलाय
की त्यालाच भोकं पडली आहेत.

पूर्व भागात दिवसभर मागांचा खडखडाट.
वीज गेली की अख्खी गल्ली गप्प होते.
लोकांना म्हणे शांततेत सुचतं.
मला फक्त इन्व्हर्टरची शिट्टी ऐकू आली.

काम होत नाही तर वसुली तरी, म्हणून शनिवारी
नव्या पेठेत कुरापाटी शेठकडे गेले.
अठरा हजार चारशे. दिवाळीपासून.
"बसा की, पैसे कुठं पळून जाऊलालेत?"
म्हणाले, आणि जेवायला निघून गेले.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. आत पंखा, बाकडं, मी.
मोबाईल मेलेला.
दुकानातला पोऱ्या गिऱ्हाइकानं उपसलेला ढीग आवरत होता,
घाईघाईत, कशाही घड्या.

पहिला तास मी शेठना शिव्या दिल्या, मराठीत.
मग तेलुगूत, आईच्या ठेवणीतल्या.
दुसऱ्या तासाला दोन्ही भाषा संपल्या
आणि तेव्हा दिसली
ढिगात उताण्या पडलेल्या माझ्याच मोराची पाठ.

पिसारा भरला होता तिथं नुसतं पांढरं.
आणि मी काहीच काढलं नव्हतं तिथं,
चोचीखाली, दोन पायांच्या मध्ये, कोपऱ्यात,
निळं तुडुंब.
पक्षी नव्हताच. तळं होतं,
काठ खाल्लेलं, एप्रिलमधल्या कंबर तलावासारखं.
नक्षा माझा, सही माझी,
पण हे मी काढलेलं नव्हतं.

"उलटं पडलं काय? थांबा, सरळ करतो."
"राहू दे बे," म्हटलं. "असंच राहू दे."

शेठ आले, ढेकर देत.
नऊ हजारांचा चेक, पुढल्या पंधरा तारखेचा.
पावतीच्या मागं मी काही काढलं वगैरे नाही.
पुढच्याच बाजूला, नाव, तारीख,
अक्षरी रुपये नऊ हजार फक्त. नीट लिहिलं.

रात्री तीनला नळ आला, पाचव्या दिवशी.
घागर, बादल्या, कुकरसुद्धा लावला.
मोठं पिंप भरायला वीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात सव्वीस चौकोन झाले,
फक्त मोकळ्या जागांचे.
मोर आला, नेहमीसारखा, मान वळवून.
त्याला म्हटलं, बसा की बाकड्यावर.
पिंप वाहून गेलं ते शेजारणीनं ओरडून सांगितलं.

सकाळी नरसय्यांनी कागद उजेडात धरला,
उभा, मग आडवा.
"हे काय?"
"माहीत नाही."
"खपेल?"
"तेही माहीत नाही."
"भोकं तेवढीच पडणार," म्हणाले, "मोर असो नाय तर कायबी,"
आणि चष्मा पुसायला घेतला.

वहीत येणे बाकीच्या रकान्यात लिहिलं:
कुरापाटी, नऊ हजार चारशे.
त्याच्याखाली: तळं.
आकडा अजून टाकलेला नाही.